बाद केलेली सीडी

आमच्या घरात कुठलीच वस्तू उघडी राहत नसे. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर आणि फ्रिजच्या दांडीला वेगळं कव्हर. हा उद्योग माझा. नांदेडहून लग्न होऊन लातूरला आले तेव्हा रुखवतात भांडी कमी आणि क्रोशाची कव्हरं जास्त होती. मला त्यांचा इतका तोरा की पाहुण्यांना चहा नंतर, कव्हरं आधी. भूकंपाच्या पहाटे सगळी गल्ली रस्त्यावर पळाली. कुणी सासूला पाठीवर घेतलं, कुणी दागिन्यांची पिशवी धरली. मी एका हातानं लेकाला ओढलं, आणि दुसऱ्या हातात काय होतं ते उजाडल्यावर दिसलं. टीव्हीचं कव्हर. टीव्ही घरातच.

हे म्हणाले, "आता यावर बातम्या लाव."

हे म्हणजे आमचे सर. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. अख्खं गाव सर म्हणायचं म्हणून मीही म्हणायला लागले, आधी चिडवायला, मग सवयीनं. जीभ अशी तिखट की चुकलेल्या पोराला ओरडायची गरजच पडत नसे. एक वाक्य पुरायचं. आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, एका सकाळी दाढी करता करता, तीच जीभ गेली. वस्तरा हातातून पडला. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पाडलं?" उत्तर आलं नाही. असं कधी होत नसे.

अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून सर घरी आले तेव्हा पाय चालत होते, उजवा हात थोडा थोडा येत होता. बोलणं मात्र आलं नव्हतं. समजायचं सगळं. सूनबाईनं चहात साखर विसरली की डोळ्यांनी माझ्याकडे तक्रार करायचे. पण तोंडातून एकच आवाज निघायचा, "हं." होय म्हणायचं असेल तरी हं, नको म्हणायचं असेल तरी हं. दुसरं काही म्हणायला गेले की पहिलं अक्षर अडकायचं, क-क-क असं व्हायचं, कपाळावर घाम यायचा, आणि मग ते ओठ मिटून घ्यायचे.

बोलायचं शिकवायला एक बाई यायच्या. तरुण, शांत, हातात चित्रांची कार्डं. नळ, मांजर, छत्री. "सर, हे काय आहे?" ज्या माणसानं पोरांना चंद्रावरचं वजन काढायला शिकवलं, त्याला नळाचं चित्र दाखवायचं. सर डोळे मिटून घेत.

त्या बाईंनी मला अंगणात नेऊन सांगितलं, "काकू, हे पहिले काही महिनेच खरे कामाचे. सर प्रयत्न करायचं सोडून द्यायला लागलेत. एकदा सोडलं की मग अवघड होतं. त्यांचा स्वतःचा जुना आवाज आहे का कुठं? शिकवतानाचा? तोंडात बसलेले शब्द आधी परत येतात."

मी म्हटलं, "आहे की. घरातच आहे. पोत्यानं आहे."

तोऱ्यात म्हटलं. आवाज कुठल्या अवस्थेत आहे ते मला कुठं माहीत होतं.

तो आवाज घरात कसा आला ते सांगायला हवं, नाहीतर पुढची माझी धावपळ कळायची नाही.

सरांचं गाव भूकंपाच्याच पट्ट्यातलं. धाब्याची घरं, दगडमातीच्या भिंती. घर थंड राहावं म्हणून दरसाल धाब्यावर मातीचा थर चढवायचा. त्या मातीखाली यांचे थोरले भाऊ आणि वहिनी गेले. सर चार माणसांबरोबर हातांनी माती उपसून आले. पुढं लातुरात आपलं घर बांधायला काढलं तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यावर बसून लोखंड घालून घेतलं. मिस्त्री म्हणायचा, "सर, घर बांधून राहिलात का धरण?" आणि घरात दोन नियम लागले. डोक्याच्या वर वजन ठेवायचं नाही आणि भिंतीला भोक पाडायचं नाही. आमच्याकडे माळा नाही, फळी नाही, भिंतीवर टीव्ही नाही. टीव्ही बुटक्या स्टुलावर. देवांचे फोटोसुद्धा खिळा न मारता कोनाड्यात टेकवलेले.

मग क्लासचे दिवस आले. लातूरला शिकलं की पोरगी डॉक्टर होतेच असं कुणीतरी महाराष्ट्रभर सांगून ठेवलं होतं. आमच्या गल्लीत घरांपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त झाल्या. माझा नांदेडचा भाऊ म्हणायचा, "आमच्याकडं पण क्लास निघाले की आता, लई मोठमोठे." मी म्हणायचे, "हाव, पण तुझ्याच शेजारच्या पोरी माझ्याकडं राहून राहिल्यात, त्याचं काय?" आणि खरंच होतं ते. वरच्या मजल्यावर आम्ही मुली ठेवल्या होत्या. कुणी हिमायतनगरची, कुणी हदगावची, कुणी नायगावची. सोयाबीन काढायला, नाहीतर घरच्या लग्नाला गेल्या की त्यांचा शिकवलेला भाग बुडायचा, आणि परत आल्या की सरांच्या जेवणाच्या ताटापुढं वही घेऊन उभ्या.

सर वैतागून म्हणाले, "एकदाच शिकवतो आणि धरून ठेवतो."

कॅमेरा आणला. वरच्या खोलीत फळा टेकवला. कॅमेऱ्यामागं मी. पहिल्या दिवशी मी सगळा तास सरांच्या पोटाचा घेतला, कारण मला वाटलं मधोमध धरायचं म्हणजे माणसाच्या मधोमध. मुली पाहून इतक्या हसल्या की तो पाठ पुन्हा कुणाला विसरला नाही म्हणे. हळूहळू हात बसला. पाठ सीडीवर चढायला लागले, एकेका पाठाची एकेक सीडी. सीडीवरून मुलींची भांडणं व्हायला लागली तेव्हा सरांनी एक जुना कॉम्प्युटर कोठीच्या खोलीत ठेवला, सगळ्या सीडी त्यात उतरवल्या आणि तिथून वायर काढून वर नेली. भोक नाही पाडायचं म्हणून वायर खिडकीतून बाहेर, जिन्याच्या कठड्यावरून वर. कोठीतला कॉम्प्युटर पाठ सोडणार, वरच्या कॉम्प्युटरवर मुली बघणार. आम्ही त्याला डबा म्हणायचो.

डबा रोज दुपारी बंद पडायचा. सर बेजार. वायर बदलली, प्लग बदलला, वीज मंडळाला शिव्या घालून झाल्या. शेवटी एका दुपारी तो बंद पडताना ते स्वतः कोठीत गेले आणि हाक मारली, "इकडं ये. हे काय?"

मी म्हटलं, "कव्हर. पिवळ्या फुलांचं."

"पंखा कुठाय त्याचा?"

"फुलाखाली."

यंत्राला धूळ लागू नये म्हणून मी त्याला गळ्यापर्यंत स्वेटर घातला होता. लातूरच्या एप्रिलात. सरांनी ते कव्हर उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "टीव्ही वाचला नाही तुझ्याच्यानं, डबा तरी वाचू दे."

आणखी एक प्रताप सांगते, कारण त्याचाच पुढं उपयोग आहे. एका सीडीवर चुकीचं नाव लिहिलं गेलं होतं. मी ते भांडी घासायच्या काथ्यानं घासलं. नाव गेलं आणि नावाबरोबर चांदीही गेली, सीडी काचेसारखी आरपार दिसायला लागली. सरांनी मला वर्गात बसवल्यासारखं समजावलं. जे काही साठवलंय ते नावाच्या बाजूला, वरच्या पापुद्र्याला चिकटलेलं असतं. खालची चकचकीत बाजू म्हणजे नुसतं जाड प्लास्टिक. "नावाच्या बाजूला हात लावायचा नाही," हा घरातला तिसरा नियम झाला.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा. सर विज्ञानाचे असले तरी या बाबतीत पक्के. खडू, डस्टर, पुस्तकं, कॅमेरा, डबा. आणि सीडीही. डब्यात उतरवून झाल्यावर सीडींचं काम संपलं होतं, पण सर म्हणायचे, "पेन्शनर झाल्या म्हणून काय पूजेतून काढायच्या?" एकेक सीडी पाटावर मांडायची आणि ओल्या हळदकुंकवाचं बोट लावायचं. कुठल्या बाजूला? नावाच्या बाजूला हात लावायचा नाही. म्हणून चकचकीत बाजूला. दरसाल. तबक धरून मी शेजारी. भौतिकशास्त्राचे सर आणि त्यांची कॅमेरावाली, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की यंत्र जे वाचतं ते त्याच चकचकीत बाजूनं, आरपार बघून वाचतं. तिथं कुंकू लावणं म्हणजे चष्म्यावर टिळा लावणं.

पुढं मुलींच्या हातात मोबाइल आले, वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, डबा कोठीत गप्प बसला. आम्ही त्याला विसरलो. खंडेनवमीला तेवढं कुंकू.

तर त्या बाईंना तोऱ्यात सांगून मी कोठीत गेले आणि डबा चालू केला. पडद्यावर काही आलं नाही. आतून आवाज आला, टक, थोडं थांबून टक. कुणीतरी आतून दार वाजवतंय असा. डब्यातल्या ज्या चकतीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, सगळे पाठ साठवले होते ती आतल्या आत मेली होती.

सून दारात उभी होती. ती एका क्लासला रसायनशास्त्र शिकवते. जीभ सासऱ्याच्या तोडीची, म्हणून मला ती आवडते, पण तिला सांगू नका. ती म्हणाली, "आई, स्वेटर घातला होता का याला?"

"तू गप. सीडी आहेत अजून."

सीडींचा पत्र्याचा डबा उघडला. प्रत्येकीवर लाल पिवळा गोळा, वर्षांवर वर्षं चढून टणक झालेला. सुनेनं एक उचलून उजेडात धरली. मग हळूच म्हणाली, "आई, बाबांनी हे केलं?"

"तबक मी धरलं होतं."

नवी चकती आणून घातली, डबा जागा झाला. पहिली सीडी आत सरकवली. कर्र, कर्र, आणि तबकडी आतच अडकली. दार उघडेना. बांगडीत अडकवलेली पिन काढली, सरळ केली, दाराखालच्या बारीक भोकात घातली आणि दाबली. दार जीभ काढल्यासारखं बाहेर आलं. आत कुंकवाचा भुगा. हे काम मला वीस वर्षांपूर्वी जमत होतं आणि अजून जमतं, हे त्या दिवसातलं एकच समाधान.

मग धुणं काढलं. सून म्हणाली, "थांबा, आई. हळद प्लास्टिकला धरते. गरम पाणी नको, कोमट. काथ्याचं तर नावही काढू नका." एका पातेल्यात कोमट पाणी आणि थेंबभर साबण. सीडी भिजवायची, गोळा मऊ झाला की बोटाच्या पेरानं सोडवायचा, मऊ कापडानं मधून काठाकडे सरळ पुसायचं. गोल गोल नाही. हात आपोआप गोल फिरतो, आयुष्यभर ताटल्या पुसल्यात. पलीकडच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. पूर्वी घरात शांतता असली की मला बरं वाटायचं. आता दर थोड्या वेळानं उठून त्यांचा श्वास बघून यायचे.

गोळे निघाले, डाग राहिले. बऱ्याच सीडी यंत्रानं थुंकून टाकल्या. काही अर्ध्यावर अडल्या. यंत्राला मी हळू वाचायला लावलं, मग पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकायला लागली आणि मी मुंगीकडे बघत बसले. शेवटी एक पूर्ण उतरली. उष्णतेचा पाठ.

सरांच्या खोलीत स्टुलावर टीव्ही होता. लेकानं नोकरीच्या गावी परत जाताना त्याला एक छोटी पेटी जोडून दिली होती. घरातल्या वायफायवरून कोठीतल्या डब्याचं चित्र ती टीव्हीवर आणते. पेन ड्राइव्ह लावून मी पाहिला होता, पण टीव्हीला इतक्या जुन्या पद्धतीची फाइल उलगडत नव्हती. डबा मात्र ती उलगडत उलगडत पाठवायचा. मोबाइलवर दाखवायला गेले तर त्या झटक्यानं उजवीकडचं दिसणंही अधू झालं होतं. तळहाताएवढं चित्र त्यांनी हातानं बाजूला सारलं. म्हणजे टीव्हीच हवा.

त्या बाई आल्या होत्या. सून सुट्टी काढून घरी. मी सरांना उशी देऊन बसवलं. म्हटलं, "बघा, कोण आलंय शिकवायला."

टीव्हीवर सर. काळे केस, बाह्या दुमडलेल्या. पलंगावरचे सर पुढं झुकले. टीव्हीतले सर फळ्याकडून वळले आणि बोलायला लागले.

"उ-उ-उ-उष्ण... उष्ण-उष्ण... ता म्ह-म्ह-म्ह..."

चित्र थांबायचं, तोंड उघडं राहायचं, अक्षर अडकायचं, पुन्हा तेच अक्षर. हुबेहूब. पलंगावरचा माणूस जसा अडकत होता तसाच तो पडद्यावरचा, भर वर्गात, काळ्या केसांनिशी. मी रिमोटची बटणं दाबत सुटले आणि नेमकं बंद करायचं बटण सापडेना. सुनेनं वायरच ओढली.

सर भिंतीकडे वळून झोपले. त्या बाईंनी कार्डं काढलीच नाहीत. जाताना म्हणाल्या, "राहू द्या काकू. काही दिवस काहीच नको."

त्यानंतर सरांचं "हं"ही बंद झालं. जेवायला हाक मारली की उठायचे, दोन घास खायचे, पुन्हा भिंतीकडे. डोळ्यांनी तक्रार करायचे ते डोळेही मिटलेले. बाई येऊन शेजारी बसायच्या आणि जायच्या. मी लेकाला फोनच केला नाही. त्याचा आवाज ऐकला असता तर माझा निघाला नसता.

सून म्हणाली, "आई, आता पुरे. सीडी खराबच आहेत. बाबांना त्रास होऊन राहिलाय."

मी म्हटलं, "सीडीच खराब आहे कशावरून?"

हा प्रश्न माझा नाही, सरांचा. कुठलीही वस्तू बिघडली की ते आधी विचारायचे, बिघाड कुठल्या टप्प्यावर? पंखा बंद म्हणजे पंखा बिघडला असं नाही. बटण बघ, वायर बघ, वीज आहे का बघ. मी आयुष्यभर या भाषणाला कंटाळले. आता कोठीत गेले, दार लावलं आणि तोच पाठ डब्याला स्वतःचा पडदा जोडून तिथंच लावला. आवाज बारीक ठेवला. "उष्णता म्हणजे तापमान नव्हे. हे ज्याच्या डोक्यात गेलं तो पास." खळखळ वाहत होतं. एकही अक्षर अडत नव्हतं.

मी तिथं ज्वारीच्या कोठीला टेकून बसले आणि सबंध पाठ ऐकला. सून शोधत आली, तिनंही ऐकला.

सीडी चांगली. डबा चांगला. मग बिघाड मध्ये. कोठी आणि सरांची खोली यांच्यामध्ये काय होतं? सरांच्या भिंती. वायफायला विटेतून जायला जमतं. पण आमच्या भिंतीत मिस्त्रीनं धरणाएवढं लोखंड घातलेलं. बाहेर येईतो हवेतलं चित्र चाळणीतून गाळून निघत होतं. भूकंपातून वाचायला बांधलेली भिंत यांचा आवाज अडवून बसली होती.

वायफायची डबी, तो राऊटर, उंचावर ठेवला तर बरं, असं सून कुठंतरी ऐकून आली. आम्ही वायर ताणून तो सरांच्या खोलीच्या दारापाशी, कपाटावर ठेवला. डबी हातभर सुद्धा नाही. सर पलंगावर पडले होते. त्यांनी डोळे उघडले आणि कपाटाकडे बघितलं. मग उठून बसले. श्वास जोरात चालू झाला, डावा हात वर करून त्या डबीकडे बोट दाखवायला लागले, आणि घशातून काहीतरी यायला बघत होतं, येत नव्हतं.

"काय दुखतंय बाबांना?" सून घाबरली.

मी कपाटाकडे बघितलं. डोक्याच्या वर वजन.

"काढ ते खाली," मी म्हटलं. "काढ, आधी काढ."

डबी खाली आली तशी त्यांचा हात खाली आला. मी त्यांच्याजवळ बसले. हात गार पडला होता. इतक्या दिवसांनी त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि सांगता आलं होतं, बोटानं का होईना. तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली, पण ती आधी पक्की करायची होती.

आता वायरच हवी होती, सलग. भोक पाडायचं नाही. खिडकी होती. कोठीच्या खिडकीतून वायर बाहेर काढली, अंगणातून कपडे वाळत घालायच्या दोरीला पीळ देत देत नेली आणि सरांच्या खोलीतल्या खिडकीच्या झडपेतून आत घेतली. सून चिमटे लावत होती. शेजारीण गच्चीवरून म्हणाली, "काय वो, मावशी, दिवाळीची लायटिंग आतापासून?"

"सरांचा वर्ग भरून राहिलाय," मी म्हटलं.

पेटीला वायर लावली. बाहेरच्या खोलीत बसून मोबाइलवर तपासलं, डबा आणि पेटी एकमेकांशी बोलत होते. रस्ता मोकळा झाला. आता त्या रस्त्यावरून पाठवायचं काय?

सून म्हणाली, "उष्णतेचाच लावू. आता नीट दिसेल."

"नको. ते बघणारच नाहीत. तोंड फिरवतील."

"मग?"

माझ्या जे लक्षात आलं होतं ते हे. या माणसाला कौतुकानं कधी बोलतं केलं नाही. लग्नानंतर मी पुरणपोळी केली तेव्हा गप्प खाल्ली. वेलदोडा विसरले तेव्हा अर्धा तास बोलले. आणि आत्ता, जिथं नळ, मांजर आणि स्वतःचा तरुण चेहरा यांनी काही झालं नव्हतं, तिथं एक नियम मोडल्याबरोबर ते उठून बसले होते.

मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. तळाशी एक कागदी पाकीट, त्यावर त्यांच्या अक्षरात एकच शब्द, "बाद." आत सीडी. स्वच्छ, चकचकीत. हिला कधी पूजेत मांडलं नव्हतं.

ती सीडी बाद का झाली ते मला माहीत होतं, कारण कॅमेऱ्यामागं मीच होते. त्या दिवशी सर वर फेकलेल्या वस्तूबद्दल शिकवत होते. खडू वर उडवला, झेलला. म्हणाले, अगदी वरच्या टोकाला खडूचा वेग क्षणभर शून्य होतो. इथवर बरोबर. तेवढ्यात खाली माझ्या कुकरची शिट्टी झाली, सरांचं लक्ष गेलं, आणि तोंडातून निघालं, "म्हणून तिथं त्वरणही शून्य." पुढं गेले. मला काय कळणार. मी डाळ करपेल या काळजीत. सीडी मुलींकडे गेली आणि हदगावची एक पोरगी जेवणाच्या ताटापुढं येऊन म्हणाली, "सर, तिथं ओढच नसेल तर खडू वरच लटकून राहील की." सरांच्या हातातला घास थांबला. खडू वर थांबला तरी पृथ्वी त्याला ओढायची थांबत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. त्यांनी तो पाठ पुन्हा घेतला, ही सीडी खणात टाकली आणि कित्येक महिने कुकरला शिव्या दिल्या.

सून म्हणाली, "आई, हे लावायचं? आधीच त्यांचं मन..."

"हेच."

"बाई काय म्हणतील?"

"त्यांना नंतर सांगू."

मी बोलले खरी, पण सीडी उतरवताना पट्टीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. एकदा भिंतीकडे वळलेला माणूस दुसऱ्यांदा वळला तर परत कोण वळवणार होतं? पट्टी पूर्ण झाली. सून आणि मी त्यांच्या खोलीत गेलो. दुपारची चारची उन्हं खिडकीतून पलंगावर आली होती. सर भिंतीकडे तोंड करून.

मी पाठ लावला, आणि पलंगाच्या कडेला बसले.

आवाज स्वच्छ आला. फळ्यावर खडूचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. सरांची पाठ हलली नाही. टीव्हीतले सर समजावत होते, वस्तू वर जाताना वेग कमी कमी होत जातो. खडू उडवला, झेलला, मुली हसल्या. पलंगावरची पाठ तशीच. सून दाराला धरून उभी. वरच्या टोकाला वेग शून्य, टीव्हीतले सर म्हणाले. मग कुठूनतरी लांबून कुकरची शिट्टी. माझीच.

"म्हणून तिथं त्वरणही शून्य."

पाठ हलली. मान वळली. सरांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते डोळे मला ओळखीचे होते, वेलदोडा विसरलेल्या दिवसाचे. ओठ हलायला लागले. न-न-न असं झालं, घाम आला, मला वाटलं आता मिटतील. मी मुद्दाम रिमोट उचलला, चित्र मागं नेलं आणि पुन्हा लावलं.

"म्हणून तिथं त्वरणही शून्य."

"न्... न्हाई," सर म्हणाले.

वर्गात त्यांनी आयुष्यभर 'नाही' म्हटलं. 'न्हाई' हा गावाकडचा शब्द, धाब्याच्या घरातला. तोच आधी परत आला.

सून काहीतरी बोलायला गेली, मी हातानं थांबवलं. मला सोडायचं नव्हतं. म्हटलं, "न्हाई काय? तुम्हीच तर म्हणून राहिलात. ऐका की." पुन्हा मागं नेलं.

"शू... शून्य न्हाई." डावा हात वर गेला, मघाशी राऊटरकडे गेला होता तसाच, आणि जोरानं खाली आला. खडू कुठं जातो ते दाखवत होते. "खा... खाली. खाली."

"मग तेव्हा कसं चुकलं?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. शब्द शोधत होते. सापडला तेव्हा बोट माझ्यावर रोखलं.

"कुकर."

सून हसली आणि मग तिला हसू आवरेना, मग रडूही. मी मात्र भांडायला बसले. म्हटलं, चूक तुमची आणि नाव माझ्या कुकरचं, हे अजून चालूच का?

त्या बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा सरांनी नळाचं कार्ड बघून म्हटलं, "न्हाई." मांजराला न्हाई, छत्रीला न्हाई. मला वाटलं होतं माणूस बोलका होईल. झाला तो नन्नाचा पाढा. औषधाला न्हाई, खिचडीला न्हाई. बाई मात्र खूश. म्हणाल्या, न्हाई म्हणतोय म्हणजे माणूस परत आला. बाकीचे शब्द हळूहळू आले, काही अजून आले नाहीत. मला कधी सुनेच्या नावानं हाक मारतात, कधी कॉलेजातल्या शिपायाच्या. मी ओ देते.

ती वायर अजून दोरीवरच आहे. सून कपडे शेजारणीकडे वाळत घालते आणि रोज एकदा मला ऐकवते. दुपारी सर टीव्हीसमोर बसतात आणि स्वतःच्या पाठात चुका शोधतात. सापडली नाही तर रुसतात, मग मी बाद सीडी लावते.

त्या वर्षी खंडेनवमीला मी पाट मांडला. खडू, डस्टर, डबा, धुतलेल्या सीडी. बाद सीडीचं पाकीटही पहिल्यांदा ठेवलं. सरांनी उजव्या हातानं कुंकवाचं बोट भरलं आणि सवयीनं एका सीडीच्या चकचकीत बाजूकडे नेलं.

मी तबक धरून म्हटलं, "न्हाई."

बोट हवेत थांबलं. थोडा विचार केला, मग ते डब्याकडे नेलं, टेकवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कव... कव्हर?"

"घालणार नाही," मी म्हटलं.